राक्षसाचं नाक

ओढ्याकाठचं मोहाचं झाड अजून गुडघाभर होतं, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याच्या अलीकडे वरचा पाडा, पलीकडे खालचा पाडा, आणि अलीकडच्या काठावर धवळूचं खोपट. धवळू सोंगं घडवायची, म्हणजे उत्सवात नाचायचे देवा-राक्षसांचे मुखवटे. तिच्या हातचा वाघ दारात टांगला की गावची कुत्री तिकडे फिरकत नसत, असं म्हणतात.

एकदा डोहातल्या मासळीवरून दोन्ही पाडे असे भांडले, की एकमेकांना विस्तवसुद्धा देईनात. धवळूची लेक लाडकी खालच्या पाड्यात दिलेली. तिला मुलगा झाला, पण तिला माहेरी येऊ देईनात आणि धवळूला तिकडे जाऊ देईनात. साऱ्या जगाची तोंडं घडवणाऱ्या बाईला नातवाचं तोंड काही दिसेना. बिचारी झुरायची.

उत्सव जवळ आला. वरच्या पाड्याचा कारभारी जान्या म्हणाला, "आये, देवाचं सोंग माझ्या मापाचं कर. अन् राक्षस त्या खालच्या काळूसारखा पायजे, नाकासकट!" मग खालच्या पाड्याचा कारभारी काळूही गुपचूप येऊन गेला. त्याचंही तेच मागणं, फक्त राक्षस जान्यासारखा हवा.

धवळूने दोघांच्या तोंडावर ओली माती थापून ठसे घेतले. त्यावर चिंध्या आणि चिंचोक्याची खळ चढवली. 'मागाल तस्संच देते,' ती मनात म्हणाली.

उत्सवाच्या दिवशी देव झकास बसला. राक्षस मात्र कुणालाच बसेना. कुणाचं नाक अडे, कुणाची हनुवटी. आणि राक्षसच नाही, तर देव लढणार कुणाशी? सगळे धवळूच्या अंगणात धावले. बघतात तर पलीकडूनही तीच वरात आलेली!

"आता गं, आये?" जान्या रडकुंडीला आला.

"आता काय? ज्याचं तोंड, त्यालाच बसंल. बोलवा त्याला!"

मग काळू वरच्या पाड्याचा राक्षस झाला. जान्याने देव होऊन तलवार उगारली, तर मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे दिसले. दमलेले, भेदरलेले, अगदी आपल्यासारखे. तलवार टाकून त्याने आधी राक्षसाला पाणी पाजलं. त्याबरोबर राक्षसाचे सुळे वर वळले आणि सोंग खदखदून हसलं, असं म्हणतात. मग जान्या खालच्या पाड्यात राक्षस व्हायला गेला, आणि येताना लाडकीला तान्ह्यासकट घेऊन आला. धवळूने मातीच्या हातांनीच नातवाचं तोंड चाचपलं. आनंदाने तिला रडूच कोसळलं.

आजही तिथे राक्षस पलीकडच्या पाड्यातूनच येतो, आणि पहिलं पाणी त्यालाच. आणि वर्षभरात जन्मलेलं प्रत्येक बाळ, मग ते कुठल्याही पाड्याचं असो, ओढ्यावर आणून त्याच्या नाकाला ओली माती लावतात. त्याला धवळूचं माप म्हणतात. बाळ रडलं तर आया हसून सांगतात, "ह्यो आमचा राक्षस!" आणि पलीकडच्या बाया ओरडतात, "मग आमच्याकडं धाडा!"