राजाला काय ओढायचंय?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकतही असत.

एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक पानमळा होता. नागवेलीचा मळा म्हणजे हौसेचं काम नव्हे. उन्हाळ्यात तिला रोजच्या रोज पाणी लागतं. दोन दिवस पाणी चुकलं तर वेल मान टाकते, आणि तशीच ठेवली तर मुळापासून जाते. मग नवी लावायची आणि वर्षभर तिच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मळ्याच्या विहिरीवर एक मोटकरी मोट हाकायचा. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, की पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या दगडी कुंडीत, रिकामी होई. मग बैल पाठीमागे सरत वर यायचे, मोट पुन्हा विहिरीत उतरायची. दिवसातून शंभरदा हेच. एवढं ओझं बैलांनी हसतखेळत ओढावं म्हणून मोटकरी गात असे. त्याच्या हातात चाबूक कधी कुणी पाहिला नाही.

पण त्याचे बैल भारी नखरेल. म्हातारा पवळ्या आणि तरणा चांद्या, दोघांनाही शिळं गाणं चालत नसे. काल ऐकलेली ओळ आज कानावर पडली, की पवळ्या निम्म्या उतारावर थांबून रवंथ करायला लागे. म्हणून मोटकरी रोज नवं गाणं रचायचा. आपण कवी आहोत हे बिचाऱ्याला माहीतच नव्हतं.

एकदा राजा शिकारीहून परतताना त्या वाटेने चालला होता. गाणं कानावर आलं आणि त्याने घोडा थांबवला. तो तीन मोटा रिकाम्या होईपर्यंत उन्हात उभा राहिला. मग पुढे येऊन म्हणाला, की असा कवी राज्यात असताना मला कुणी सांगितलं कसं नाही? पंधरा दिवसांनी पाडवा आहे. भर दरबारात माझ्यासाठी नवी कविता म्हण, तुला राजकवी करतो.

झालं. मोटकऱ्याचे पाय जमिनीवर राहीनात. त्याने धान्याची खोली रिकामी केली, बोरू आणले, शाई आणली, दार लावून घेतलं आणि बायकोला बजावलं की मला कुणी हाक मारू नका. राजासाठी लिहायचं तर शांतता हवी, असं त्याला वाटलं. मोठी माणसं अशीच लिहीत असणार, असाही त्याचा अंदाज होता.

तो लिहायला लागला. राजाचं मुख चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, हात सोंडेसारखे. सगळं एकत्र वाचलं तेव्हा राजा माणसासारखा दिसेना. कागद फाडला. दुसऱ्या दिवशी सूर्य आणला, तिसऱ्या दिवशी समुद्र आणला. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. शब्द येत होते, पण एकमेकांशेजारी बसायला तयार नव्हते, भांडलेल्या जावांसारखे.

इकडे मोट बायकोच्या गळ्यात आली. तिने नवऱ्याची जुनी गाणी एकेक करून गायली. बैल निम्म्यावर येऊन थांबायचे. तिने हातापाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं. शंभर मोटांच्या जागी तीस मोटा निघू लागल्या. शेवटच्या दोन दिवसांत तर मळ्याच्या टोकाला पाणी पोचेनासं झालं.

चौदाव्या दिवशी सकाळी तिने दार ढकललं. ती भांडायला आलेली नव्हती, हेच वाईट होतं. एवढंच म्हणाली, "अहो, वेलींनी माना टाकल्यात. आज पाणी नाही मिळालं तर उद्या मळा नसेल."

मोटकरी तसाच उठला. फाटलेल्या कागदांवरून चालत तो विहिरीवर गेला. मोट सोडली, तिचा जाड दोर म्हणजे नाडा ताणला आणि बैलांना हाक दिली. बैल हलले नाहीत. त्याने घाईघाईने खोलीतली चंद्राची ओळ म्हटली. पवळ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"इतके दिवस काय करत होतास?"

"कविता."

"कुणासाठी?"

"राजासाठी."

"राजाला काय ओढायचंय?" पवळ्याने विचारलं.

खरंच, राजाला काय ओढायचं होतं? मोटकऱ्याने कधी विचारलंच नव्हतं. आणि या दोघांना काय ओढायचं आहे, ते तर त्याला पुरतं ठाऊक होतं. वजन ठाऊक होतं, उतार ठाऊक होता, चांद्याचा उजवा खांदा आधी दुखतो हेही ठाऊक होतं. त्याने मळ्याकडे पाहिलं. वेली खाली लोंबत होत्या. त्याच्या तोंडून ओळ आपोआप बाहेर पडली.

"चल माझ्या राजा, उतार हा आहे,
पाणी वर येते, वेल वाट पाहे."

बैलांनी पाऊल टाकलं. अहो, काय सांगू तुम्हाला! ओळ उताराएवढी लांब झाली, ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. नाडा ताणला की शब्द ताणला जाई, थारोळ्यात पाणी कोसळलं की ओळ संपे, बैल मागे सरत असताना पुढची ओळ चालत येई. जो शब्द बैलांच्या पावलात बसेना तो त्याने टाकून दिला, कितीही देखणा असला तरी. तो गात होता, हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पन्नास मोटा झाल्या, शंभर झाल्या. बायको पाटाचं पाणी वळवत धावत होती. संध्याकाळी पाणी मळ्याच्या टोकाला पोचलं, तेव्हा ती तिथूनच ओरडून म्हणाली, की शेवटची वेलसुद्धा भिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मोटेवर उभा राहिला आणि गाण्यात असा बुडाला, की पाडवा आहे हेच विसरला.

दरबार भरला. वाट पाहून पाहून उठला. राजाचा राग मस्तकात गेला आणि तो स्वतःच घोड्यावर बसून मळ्यावर आला.

"भर दरबारात मला मान खाली घालायला लावलीस," राजा म्हणाला. "याची शिक्षा ठाऊक आहे?"

मोटकरी खाली उतरला. त्याने हात जोडले. "महाराज, तेरा दिवस प्रयत्न केला. पण तुम्हाला काय ओढायचंय, तेच मला माहीत नव्हतं. बैलांचं माहीत आहे, म्हणून त्यांच्यासाठी जमतं."

शिपायांनी तलवारींवर हात ठेवले. राजाने त्यांना दूर जायला सांगितलं. तो थारोळ्याच्या काठावर बसला. मग हळू आवाजात बोलला.

"रोज सकाळी माझ्यापुढे गाऱ्हाणी घेऊन माणसं उभी राहतात. पहिल्या तिघांचं मी ऐकतो. चौथ्यापासून नुसती मान हलवतो. ते मला ओढवत नाही."

मोटकऱ्याने त्याला धावेवर नेलं. राजा आणि मोटकरी बैलांबरोबर उतारावरून खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. राजाच्या जोड्यांना चिखल लागला. चौथ्या फेरीला मोटकऱ्याच्या तोंडी ओळ आली.

"दारी एक आला, दुरून तो आला,
धूळ बघ पायी, मग बोल त्याला."

राजाने ती दोनदा म्हणून पाहिली आणि शिक्षेचा किंवा राजकवीपदाचा विषय न काढता घोड्यावर बसला.

त्यानंतर दरबारात एक नवल दिसू लागलं. दर गाऱ्हाण्याआधी राजा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटे, समोरच्या माणसाच्या पायांकडे पाही आणि मग म्हणे, "बोला, ऐकतो आहे." त्या वर्षी चौथ्या माणसाचं ऐकून घेतलं गेलं, चौदाव्याचं ऐकून घेतलं गेलं, आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभी असलेली एक म्हातारी पहिल्यांदाच आपलं म्हणणं पूर्ण सांगून घरी गेली.

म्हणून लहानथोर हो, लक्षात ठेवा: जी कविता कुणाचं तरी ओझं हलकं करायला निघते, तिला तिचे शब्द वाटेत भेटतात.