राजाने कापलेले गवत

एका राज्यात सुषेण नावाचा राजा होता, आणि त्याला कनकलेखा नावाची एकच मुलगी होती. राणी लवकर गेली, तेव्हापासून राजा मुलीचे सारे स्वतःच्या हाताने करी. सकाळी तिची वेणी घाली, जेवताना घास भरवी, ती उन्हात निघाली की छत्र धरून मागे चाले. कनक लग्नाच्या वयाची झाली, तरी वेणी राजाच घालत असे. दरबारी हसत, अर्थात पाठीमागे.

एके दिवशी कनक म्हणाली, "बाबा, मला माळावर एकटीला जाऊन बसायचं आहे. तिथलं गवत मला फार आवडतं."

"तिथं काटेकुटे, सापकिरडू. थांब, मी तिथं तुला बाग करून देतो."

राजाने माळ खणून काढला, गवत मुळासकट उपटून जाळले, भोवती उंच भिंत घातली आणि आत गुलाब लावले. मुलीने मागितले काय नि आपण देतो काय, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातही आले नाही.

त्या माळाची एक राखणदारीण होती. लोक तिला माळजाई म्हणत आणि तिच्या वाटेला जात नसत. तुम्हीआम्ही दारातून येतो तशी ती भिंतीतून आत आली. तिने बागेत राजाशेजारी बसलेल्या कनकच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कनकच्या जागी गवताचा एक ठोंब उभा राहिला.

"राजा, तुला गवताला त्याच्या जागी राहू देता आलं नाही," माळजाई म्हणाली. "आता हे गवत सांभाळ. याला तुरे येतील त्या दिवशी तुझी मुलगी उठेल."

राजाने लगेच सांभाळायला घेतले. पावसाळा चालू असतानाही तो सोन्याच्या झारीने पाणी घाली. आळे केले, शेणखत घातले, रोज माती खुरपली, पाती रेशमी फडक्याने पुसली. गवत माजले आणि आडवे पडले, पण तुरा काही येईना. मग एके दिवशी ठोंब मधोमध काळा पडला आणि कुजल्याचा वास सुटला. राजा तिथेच चिखलात बसून रडला.

भिंतीपलीकडच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी घरटे विणत होता. तो माणसासारखा बोले, आणि त्या राज्यात त्याचे कुणाला नवल नव्हते.

"राजा, तू हिला मारतो आहेस," तो म्हणाला.

"मी तर डोळ्यात तेल घालून जपतो."

"म्हणूनच. तीन कामं सांगेन, करशील?"

"करीन."

"पहिलं, पाणी आणि खत बंद. पाऊस देईल तेवढं पुरे."

राजाने झारी विहिरीत टाकली. पाऊस संपला, ऊन तापले, गुलाब सुकून गेले, ठोंबाची पाती सुरळ्या होऊन वळली. राजा लांबून बघत बसे आणि दिवसभर स्वतःही घोटभर पाण्याला शिवत नसे. हळूहळू काळा भाग कोरडा पडला आणि कडेने ताठ पाती उभी राहिली.

"दुसरं, थंडीत हे वाळेल. तसंच राहू दे."

थंडीत ते सारे पिवळे पडले. प्रधान म्हणाला, "महाराज, हे मेलं आहे. काढून टाकू या." राजा म्हणाला, "असू दे." चिमण्या घरट्यासाठी वाळकी पाती ओढून नेत. राजाने एकदा दगड उचलला, आणि खाली ठेवला.

"तिसरं," सुगरण म्हणाला, "थंडी सरताना, नवे कोंब फुटायच्या आत, विळ्याने वीतभर ठेवून सगळं काप. तुझ्याच हाताने."

"ती माझी मुलगी आहे."

"तिच्या आठवणी त्या पात्यांत आहेत. कापलंस तर ती उठेल, पण तुला ओळखणार नाही. तिने न विचारता जुनं तिच्यावर लादलंस, तर ती पुन्हा मधून कुजेल."

"आणि नाही कापलं तर?"

"वाळलेलं नव्याला गुदमरवील. ती गवतच राहील."

राजा सकाळभर विळा घेऊन उभा होता. मग त्याने डाव्या हाताने मूठभर पाती धरली, रोज वेणीसाठी केस धरी तशी. आणि कापली. दिवस मावळेपर्यंत तो कापत होता, रडत होता.

पुढचा पाऊस येऊन गेला. आश्विनात एका पहाटे ठोंबाला रुपेरी तुरे आले आणि कनक उठून उभी राहिली. समोर मळक्या कपड्यांतला एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता.

"तुम्ही इथले माळी का?" तिने विचारले.

"होय," राजा म्हणाला.

"इथं काही केलेलं तर दिसत नाही."

"काही करायचं नसतं, बाई. वर्षातून एकदा गवत कापायचं, एवढंच."

"बरं आहे तेच," कनक म्हणाली. वाऱ्याने तिचे मोकळे केस तोंडावर येत होते. राजाचे हात उचलले गेले आणि तसेच खाली आले. कनकने मग स्वतःच वेणी घातली. वाकडीतिकडी झाली, पण घातली.

राजाने भिंत पाडली, माळावर गवत परत आले, माळजाई आपल्या जागी गेली आणि कनकलेखा गादीवर बसली. माळाचे माळाला मिळाले, राज्याचे राज्याला मिळाले. मी कोण, हे कनकने विचारले तेव्हा राजाने सांगितले. आई कशी होती विचारले, तेही सांगितले. वेणी कोण घालत असे, हे तिने कधी विचारले नाही.