मुंडाशाची पट्टी

या, टेका इथं. सावकाश. काळ्या कातळावर ही तांबडी पट्टी दिसते ना, वीतभर रुंद आणि चांगली वीस हात लांब, तिला आम्ही मुंडाशाची पट्टी म्हणतो. शिकलेले लोक येतात, दगडात लोखंड आहे म्हणतात. असेल. मी आपलं आजीनं सांगितलं तेवढं सांगतो.

खाली खिरवडीत हैबती म्हणून जुना पलटणीतला शिपाई होता. त्याचा एकुलता एक मुलगा सर्जेराव. पोरानं आपल्याच पलटणीत जावं ही बापाची इच्छा. दुसरी मोठी लढाई लागली तसं पोरगं भरती झालं, पण विमानात. बाँब टाकायचं विमान. पुढं चालवणारा, आणि मागं पाठमोरा बसून बंदूक सांभाळणारा हा. हैबती म्हणाला म्हणे, ज्याचे पाय भुईला नाहीत तो कसला शिपाई. आणि साऱ्या गावादेखत बोलून बसला, डोक्यावर मुंडासं आहे तोवर तुझ्याशी बोलणार नाही. त्या काळी चारचौघांत मुंडासं कोण उतरवतंय? म्हणजे जन्माचा अबोला.

दीड वर्षानं, रजेवर आलेल्या एका शिपायाबरोबर सर्जेरावानं आईला निरोप धाडला. बुधवारी सकाळी आमची विमानं गावावरून जातील. तिकडून पुढं ब्रह्मदेशात. वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, एक पांढरं धोतर अंथर, म्हणजे मला आपलं माणूस कळेल.

निरोप गावभर झाला आणि तिथंच घोटाळा झाला. पोराच्या नजरेतून गाव सुटायला नको म्हणून ज्यानं त्यानं आपलं धोतर आणून अंथरलं. सगळा सडा पांढरा. तानूबाई, त्याची आई, कपाळाला हात लावून बसली. यात आपलं कुठलं ते त्याला कसं कळावं? विमानांचा आवाज तर कानावर आलेला.

हैबती लांब, पाठ फिरवून उभा होता. तो आला, मुंडासं उतरवलं आणि गावादेखत कातळावर उलगडत नेलं. तांबडंलाल. मग उघड्या डोक्यानं वर बघून म्हणाला, "सर्जा, जेवलास का रे?"

शेवटच्या विमानानं एक पंख खाली केला, असं सांगतात.

पुढं पत्र आलं. सर्जेरावानं लिहिलं होतं, धोतरं ओळखू आली नाहीत, तांबडं मात्र ओळखलं. आबांना सांगा, जेवलो.

महिन्यानं तार आली. विमान ब्रह्मदेशात पडलं. पोराचं वय बावीस.

हैबतीनं मुंडासं पुन्हा कधी बांधलं नाही. बांधलं तर बोलणं बंद होईल, म्हणायचा. रोज सकाळी इथं येऊन पोराशी बोलायचा, आणि हसत खाली उतरायचा. मुंडासं इथंच राहिलं. ऊनपावसानं विरलं आणि रंग कातळात उतरला, म्हणे.

आजही खिरवडीत कुणाचा अबोला झाला, की दोघांनी इथं यायचं, डोक्यावरचं काढून पट्टीवर ठेवायचं आणि पहिलं ते एकच विचारायचं. परवा दोघे भाऊ आले, बांधावरून भांडलेले. थोरल्यानं टोपी ठेवली. धाकट्याकडं टोपी नव्हती, त्यानं हेल्मेट ठेवलं. मग थोरला म्हणाला, जेवलास का?

उतरताना दोघे एकाच गाडीवर बसून गेले. दुसरी अजून खाली आंब्याखाली उभी आहे. येताना दिसली असेल तुम्हाला.