रेषेजवळची खूण

“...आणि बार्शीच्या गादीचं काय ठरवलंत, महाराज?” विश्वंभरनं विचारलं.

चिंतोबुवांनी ओठांवर बोट ठेवलं. मठामागे जिमखान्याच्या लाल मातीच्या कोर्टावर टेनिसचा अंतिम सामना चालला होता.

विश्वंभर बारा वर्षं बुवांचा शिष्य. उपनिषदं तोंडपाठ, नम्रता बेताची. बार्शीच्या मठाची गादी रिकामी होती आणि ती आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

“ह्यात बघण्यासारखं काय आहे? एकेक गुण संपता संपत नाही!”

“म्हणून तर... मातीवर चेंडू दमानं येतो. बघणाऱ्यालाही वेळ मिळतो. ते बघ, पिंटो मास्तर कसे घसरत गेले! चेंडू नाही मिळाला, पण घसरले काय सुंदर!”

बुवांनी टाळ्या वाजवल्या. चुकलेल्या चेंडूला टाळ्या! विश्वंभरला हे मुळीच रुचलं नाही.

एवढ्यात उन्हानं पंचांना चक्कर आली. जिमखान्याचे चिटणीस हात जोडून बुवांकडे आले. “कुणी निःपक्षपाती माणूस...”

“हा येईल,” बुवा म्हणाले.

विश्वंभर शिडी चढून पंचांच्या उंच खुर्चीवर बसला. खुर्ची त्याला फार आवडली.

तिसऱ्याच गुणाला पिंटो मास्तरांविरुद्ध खेळणाऱ्या इनामदार वकिलांचा चेंडू रेषेजवळ पडला.

“बाहेर!” विश्वंभर गरजला.

“आत!” वकील म्हणाले. “मातीत खूण उमटलीय, बघा ना.”

“मी वरून पाहिलंय.”

“स्वामीजी, मातीच्या कोर्टावर पंचानं खाली उतरून खूण बघायची असते. रीतच आहे तशी.”

“मला गरज नाही.”

“उतर रे,” कुंपणापलीकडून बुवा म्हणाले.

विश्वंभर उतरला, तोही पायांतल्या लाकडी खडावांसकट. खटखट करत रेषेपाशी गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी वाकून त्यानं बोट रोखलं. “ही बघा खूण! स्वच्छ बाहेर!”

निकाल पिंटो मास्तरांच्या फायद्याचा होता. तरी ते वाकून बघत राहिले.

“स्वामीजी... ही तुमच्या खडावेची आहे.”

आजूबाजूला सगळीकडे खडावाच उमटल्या होत्या. चेंडूची खूण काही केल्या कुणाला सापडेना. लोक पोट धरधरून हसले. गुण पुन्हा खेळायचा ठरला.

विश्वंभर बुवांसमोर येऊन उभा राहिला. कान लाल झाले होते, डोळे भरून आले होते.

“महाराज... बार्शीला आता...”

बुवांनी कुंपणाला टेकवलेला लांब दांड्याचा झाडू त्याच्या हातात दिला.

“खडावा इथं काढ. आणि झाडताना मागे मागे सरकत ये, बाबा. नाहीतर सगळं झाडून झालं तरी तू उरशीलच.”