शेवंताचे हात

“...मग हिला सांगू तरी काय, बाबा?”

डॉक्टर हेमाड्यांनी पुन्हा तेच विचारलं. टेकडीवरच्या तक्यात, आपल्या फकिरी झोपडीत, इनायतबाबा भिंतीला टेकून बसले होते. उत्तराची त्यांना घाई दिसत नव्हती.

शेवंता दाराशी बसली होती. दोन्ही हात पदराखाली.

डॉक्टर गावोगाव फिरून लोकांना एकच गोष्ट शिकवत. माणूस एकाएकी कोसळला, श्वास थांबला, तर नुसते बघत उभे राहू नका. दवाखान्याची गाडी बोलवा, आणि ती येईपर्यंत छाती दाबत राहा. शेवंता त्यांच्याकडेच शिकली. गेल्या बाजारी बांगडीवाले गणपतराव भर रस्त्यात कोसळले. घोळका जमला. हात लावला तो एकट्या शेवंतानं. गाडी येईपर्यंत ती छाती दाबत राहिली.

गणपतराव वाचले नाहीत.

“त्यांच्या मुलानं हिला चारचौघांत विचारलं, माझ्या बापाच्या बरगड्या का मोडल्यास?” डॉक्टर म्हणाले. “नीट दाबलं तरी मोडतात, बाबा. मी समजावलं त्याला. पण त्याचा तरी काय दोष? बाप गेलाय त्याचा...”

“आणि हिला काय सांगितलंत?”

“आकडे सांगितले. पूर्वी असं कोसळलेलं माणूस क्वचितच घरी परतायचं. आता लोक हात लावायला लागलेत. थोडे जास्त परततात. हळूहळू वाढताहेत.”

“बाकीचे?”

डॉक्टरांची मान खाली गेली. “बाकीचे जातात. अजूनही बहुतेक जातातच.”

शिकवताना आपण फक्त वाचलेल्यांच्याच गोष्टी सांगत आलो, हे त्यांना आत्ता जाणवलं.

“शेवंता, तू काय म्हणतेस?” बाबांनी विचारलं.

“मी नाही आता कुणाला हात लावायची.” तिनं हात पदराखाली आणखी आत ओढले. “डोळे मिटले की गणपतरावच दिसतात. बोलत नाहीत... नुसते बघतात.”

बाबांनी तिच्या पदराखालच्या हातांकडे पाहिलं. मग बसल्या जागी हळूच आडवे झाले. डोळे मिटले.

...

“बाबा?”

उत्तर नाही.

डॉक्टर सावरून उठेपर्यंत शेवंता आत पोचलीही होती. गुडघ्यांवर बसून ती खांदे हलवत होती. “बाबा! ओ बाबा! डॉक्टर, गाडी बोलवा!” श्वास बघायला ती वाकली, आणि तेवढ्यात तिचे दोन्ही हात एकावर एक, छातीच्या मधोमध जाऊन बसले.

बाबांनी अलगद तिची मनगटं धरली.

“असं करतात होय?” शेवंता आधी चिडली. मग तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत आलं नव्हतं तसं.

“चुकलो, पोरी.” बाबांनी तिला रडू दिलं. मनगटं मात्र सोडली नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी तसंच पडल्या पडल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

“डॉक्टर, मी खरंच पडेन ना... तेव्हा हिलाच बोलवा.”