आय ॲम कमिंग

वेंगुर्ल्यात खानावळी चालवणाऱ्या बायकांना मुक्ता संध्याकाळी इंग्रजी शिकवायची. आधी बिनधास्त बोला, चुका मागाहून सुधारू, ही तिची रीत. तपासणीला आलेल्या खानविलकर साहेबांना मात्र फळ्यावर व्याकरण कुठे दिसेना. तेवढ्यात शेवंतामावशी उठल्या, "सर, आय ॲम कमिंग," म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

साहेब कडाडले, "ही बाई जातेय आणि म्हणते येते! आधी व्याकरण, मग बोलणं. तोवर वर्ग बंद!"

मावशी दारातच थिजल्या.

साहेबांनी बॅग उचलली. "बरंय, येतो मी."

"साहेब, तुम्ही तर चाललात," मुक्ता म्हणाली. "'जातो' म्हणा ना."

"शुभ बोला, बाई! निघताना 'जातो' कोण म्हणतं?"

"मावशीही तेच म्हणाल्या, फक्त इंग्रजीत. बोलायची हिंमत त्यांनी केली, आता शब्द मी बदलून देते. पण वर्ग चालू असेल तर!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "चालू द्या," साहेब ओशाळून म्हणाले आणि दाराकडे वळले. पण आता येतो म्हणावं की जातो, हेच त्यांना सुचेना.

मावशींनीच त्यांना सोडवलं. "सर, गो अँड कम!"