पट्टेरावाची अंडी

फार मागं एका काचेच्या हौदात पट्टेराव आणि पट्टाबाई हे सिक्लिड माशांचं जोडपं राहत होतं. मूळचे सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतले, पण आता मुलूख म्हणजे चार काचा, एक चपटा दगड आणि एक मातीची कुंडी.

पट्टाबाई दगड चोखून लख्ख करायची, त्यावर अंडी घालायची आणि पंखांनी वारा घालत बसायची. पण दर रविवारी मालकीण विमलाक्का हौद धुवायला हात घालत. हात दिसला की पट्टेराव कुंडीत पळे, आणि भेदरलेली पट्टाबाई आपलीच अंडी गिळून टाकी. असं दोनदा झालं.

"आई आहेस की वैरीण?" पट्टेराव म्हणाला.

"वैऱ्याच्या हाती जाण्यापेक्षा माझ्या पोटात गेलेली बरी. तुम्ही कुंडीत शेपूट घालून बसणार, मी एकटी किती राखू?"

कितीतरी दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून राहिले.

तिसऱ्यांदा अंडी झाली आणि रविवार आला. हात पाण्यात उतरला. पट्टेराव कुंडीकडे वळला नाही. सरळ जाऊन त्यानं अंगठ्याला चावा घेतला.

"मेला चावला की," विमलाक्का हात झटकत म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "अंडी आहेत होय तुझी? राहू दे बाबा, नाही धूत."

पट्टाबाईनं या खेपेला अंडी गिळायला तोंड उघडलं नाही. आठवडा सरायच्या आत टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं पोहू लागली, आणि आईबाप त्यांना मधे घेऊन हौदभर फिरू लागले.